आइल ऑफ मॅन: एवढ्याशा बेटाला दोन सभागृहं कशाला?

वाटसरू: आयरिश समुद्रातलं हे बेट, वस्ती साधारण 84 हजार. ब्रिटिश राजमुकुटाच्या छत्राखाली, पण ब्रिटनचा भाग नाही. संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार लंडनकडे. कर, शाळा, दवाखाने सगळं घरचं. संसदेचं नाव टिनवाल्ड. खालच्या हाउस ऑफ कीजमध्ये 12 मतदारसंघांतून प्रत्येकी दोन, असे 24 सदस्य. इथवर ठीक. वरच्या लेजिस्लेटिव्ह कौन्सिलमध्ये 11 जण: अध्यक्ष, बिशप, अ‍ॅटर्नी जनरल आणि उरलेले आठ कीजनीच निवडलेले. ज्यांचं काम तपासायचं त्यांच्याच मतांवर निवडून यायचं! माझ्या मते कौन्सिल गुंडाळावी.

खडूस मास्तर: असहमत. 24 जणांतूनच बहुतेक मंत्री काढायचे, उरलेल्यांच्या गळ्यात खात्यांची कामं. मग विधेयकाचं कलमन् कलम वाचणार कोण? कौन्सिलचं मुख्य काम तेच. शिवाय ती कीजना कायमचं अडवू शकत नाही.

मालिनी: मास्तर, आपल्या विधान परिषदेच्या 78 पैकी 30 जागा आमदारच भरतात. तिथे हरलेल्यांची सोय होते म्हणून आपण बोटं मोडतो, आणि तिकडे तीच 'दुसरी नजर' होय?

खडूस मास्तर: मालिनीताई, टोमणा पोचला. :) पण कौन्सिलचीही थेट निवडणूक घेतली तर दोघंही म्हणणार, "जनता आमच्या मागे." दोन कीज करून काय साधणार? आधीच दोन्ही सभागृहं दर महिन्याला एकत्र बसतात आणि मतं मात्र वेगवेगळी मोजतात.

बोरू: सोवळं कुणीच नाही. 1864 मध्ये टीका केली म्हणून कीजनी जेम्स ब्राऊन या संपादकालाच तुरुंगात टाकलं होतं. तेव्हा कीजमधली रिकामी जागा भरायला नावं कीजच सुचवत. लोकांनी निवडून द्यायची पद्धत 1866 ची. पुढे 1881 मध्ये मालमत्ताधारक बायकांना मत मिळालं, ही मात्र मोठी गोष्ट.

मला आवडतो तो 5 जुलैचा सोहळा. सेंट जॉन्सला चार पायऱ्यांची हिरवी टेकडी, वाटेवर लव्हाळी अंथरलेली, कोटाला आपल्या दवण्याच्या कुळातल्या वनस्पतीची डहाळी. नवे कायदे मॅन्क्स या बेटाच्या मूळ भाषेत आणि इंग्रजीत पुकारतात. 18 महिन्यांत पुकारला नाही तर कायदा बाद! कुणाही रहिवाशाला टेकडीच्या पायथ्याशी येऊन गाऱ्हाणं लेखी देता येतं.

मालिनी: गाऱ्हाणं द्यायला टेकडी आहे, पण कौन्सिलवाल्याला पाडायला मतपेटी नाही.

वाटसरू: मास्तर, कलमं वाचायला माणसं हवीत हे मान्य. मग कीजची संख्याच वाढवा ना! आणि बिशप कुठल्या कलमाचे तज्ज्ञ, तेही सांगा.

खडूस मास्तर: बिशपांची बाजू मी घेतलेली नाही. त्यांना खुशाल काढा. आठ जणांवर मात्र अडून आहे.