शब्दचर्चा: ‘रिफॉर्म्ड’, ‘ऑब्झर्व्हंट’ आणि ‘डिस्कॅल्स्ड’ धर्मसंघांना मराठीत काय म्हणावे?

प्रश्न: युरोपच्या इतिहासावरचा मजकूर मराठीत आणते आहे. त्यात कॅथलिक धर्मसंघांच्या ‘रिफॉर्म्ड’, ‘ऑब्झर्व्हंट’ आणि ‘डिस्कॅल्स्ड’ अशा शाखा येतात. ‘सुधारणावादी पंथ’, ‘निरीक्षक’ आणि ‘अनवाणी’ असे लिहिले तर चालेल का?

उत्तर: ‘अनवाणी’ जरूर ठेवा, ‘निरीक्षक’ लगेच काढा. ‘सुधारणावादी पंथ’वर मात्र जरा सविस्तर बोलायला हवे, कारण त्याने वाचक उलट्याच दिशेला जाईल.

मराठीत ‘सुधारणा’ म्हटले की आगरकर आठवतात. जुनी बंधने तोडायची, काळाबरोबर पुढे जायचे. या संघांना हवे होते ते मागे, मूळ नियमाकडे जाणे, आणि तेही अधिक कडकपणे. कार्मेलाइट या जुन्या कॅथलिक धर्मसंघाचेच बघा. त्यांच्या नियमात १४३२ साली खुद्द पोपनेच सवलत दिली होती. आठवड्यातून तीन दिवस मांस खाण्याची मुभा मिळाली. स्पेनमधल्या आविला गावच्या ज्या मठात संत तेरेसा राहत होत्या तिथे शंभराहून जास्त भगिनी होत्या, पाहुण्यांची सतत वर्दळ असे, आणि घराण्याचा मोठेपणा मठातही मिरवला जाई. १५६२ साली त्यांनी त्याच गावात सान होसे हा लहानसा मठ काढला आणि १२४७ सालचा नियम पुन्हा लागू केला. मांस वर्ज्य, एकांत, मौन, गरिबी. पायात बूट नाहीत, दोराच्या चपला. हीच ‘डिस्कॅल्स्ड’ शाखा. म्हणजे तिच्या साऱ्याच भगिनी अगदी उघड्या पायांनी चालत नव्हत्या, तरी ‘बूट न घालणारे’ या त्या शब्दाच्या मूळ अर्थाला ‘अनवाणी’च सर्वांत जवळचा. ‘निष्पादत्राण’ असले काही घडवू नका.

‘पंथ’ही नको. पंथ म्हटला की श्रद्धा वेगळी वाटते. इथे श्रद्धा एक, पोप एक. वाद एवढाच की घेतलेला नियम किती पाळायचा. पण तो वाद किरकोळ समजू नका. तेरेसांचे सहकारी क्रूसभक्त संत योहान यांना १५७७च्या डिसेंबरात जुन्या शाखेच्या माणसांनी पकडून नेले आणि तोलेदोच्या मठात एका अरुंद खोलीत डांबले. पुढच्या ऑगस्टमध्ये ते तिथून निसटले. १५९३ साली अनवाणी शाखा स्वतंत्र संघ झाली.

‘ऑब्झर्व्ह’चे दोन अर्थ आहेत, पाहणे आणि पाळणे. इथे दुसरा. फ्रान्सिस्कनांमध्ये, म्हणजे असिसीच्या संत फ्रान्सिसच्या संघात, गरिबीचे व्रत काटेकोर पाळू पाहणारे ते ऑब्झर्व्हंट. १५१७ साली दहाव्या लिओ पोपने त्यांना कॉन्व्हेंच्युअल, म्हणजे नियमात सवलती घेणाऱ्या, शाखेपासून वेगळे केले. मी ‘नियमनिष्ठ फ्रान्सिस्कन’ लिहीन. ‘कॉन्व्हेंच्युअल’ तसाच राहू द्या, नाहीतर आपल्याकडे लगेच इंग्रजी शाळा डोळ्यांपुढे येते.

आणखी एक मत: ‘कर्मठ’ का नको? तयार शब्द आहे.

उत्तर: कर्मठमध्ये विधींचे अवडंबर आणि बोलणाऱ्याची नापसंती, दोन्ही येतात. या लोकांचा भर विधी वाढवण्यावर नव्हता, गरजा कमी करण्यावर होता. ट्रॅपिस्ट घ्या. नॉर्मंडीतल्या ला त्राप मठात १६६४पासून रान्से या मठाधिपतींनी आपल्या सिस्टर्शियन संघाच्या नियमाचे कडक पालन सुरू केले, त्यातून ही शाखा आली: अंगमेहनत, साधे शाकाहारी जेवण, आणि अगदी गरजेपुरते बोलणे. ट्रॅपिस्टांबद्दल ‘मौनव्रत घेतात’ असे लिहिले जाते, तेही टाळा. मौन हा तिथला नियम आहे, वेगळे व्रत नव्हे.

प्रश्न: मग ‘रिफॉर्म्ड’ला नेमके काय लिहू?

उत्तर: पहिल्या उल्लेखात ‘मूळ नियमाकडे परतलेली शाखा’, पुढे नुसते ‘कडक नियमाची शाखा’. आणि मजकुरात मुंबई येणार असेल तर तिथेही शाखा स्पष्ट लिहा. १७२० साली इंग्रजांनी पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांना मुंबईतून काढले, तेव्हा त्यांच्या जागी आलेले धर्मगुरू अनवाणी कार्मेलाइट होते. नुसते ‘कार्मेलाइट’ म्हटले तर दोन संघांपैकी कोणता, हे कळणार नाही.