तेरेखोल, रेडी, शिरोडा : मोपाला उतरल्यावर

कुणीतरी विचारलंय की उत्तर गोव्यातल्या मोपा विमानतळावर उतरून गोव्याची गर्दी टाळायची तर काय बघायचं, तर माझं ऐका आणि उत्तरेकडे वळा. केरीहून फेरीबोटीत गाडी चढवा, पलीकडे तेरेखोल, नदीच्या महाराष्ट्राकडच्या बाजूला असूनही गाव गोव्याचंच. किल्ला सावंतवाडीकर भोसल्यांचा, 1746 ला पोर्तुगीजांनी घेतला, आत छोटं चर्च आहे. तिथून रेडी जवळच, द्विभुज गणपती 1976 ला खाणीत सापडला तो बघाच, पण खरा जीव अडकतो यशवंतगडावर, वडाची मुळं भिंतींवरून अशी उतरलीयत की दगड कुठला नि मूळ कुठलं कळत नाही, हात लावला की थंडगार लागतं. मग शिरोडा, 1930 चा मिठाचा सत्याग्रह इथलाच, मिठागरं रस्त्यावरूनच दिसतात. विमानतळ 2023 च्या जानेवारीत सुरू झाला तेव्हापासून इकडे जमिनींच्या पाट्या फार दिसायला लागल्यात, पोटात कालवतं खरंच. म्हणून रिसॉर्टपेक्षा शिरोडा-वेळागरला कुणाच्या तरी घरी उतरा, सोलकढी नि बांगडा खा, पैसे गावात राहूदेत. आणि प्लास्टिक किनाऱ्यावर टाकू नका प्लीज.