दिल्ली पासिंगची गाडी स्वस्त पडते म्हणून आणायची, की आपल्याच जिल्ह्यातली घ्यायची?

कापूसवाला
भाऊंनो, सोयाबीन विकून झालं, कापसाचा पहिला वेचा घरात आहे आणि आईला दर महिन्याला सेवाग्रामला न्यावं लागते, म्हणून सेकंडहँड चारचाकी पाहून राहिलो. गावातली निम्मी पोरं एकच सांगतात, दिल्लीहून आण, इथं साडेपाच लाखाला भेटते तीच गाडी तिथं साडेतीनला. एका डीलरनं व्हॉट्सअ‍ॅपवर फोटोबी पाठवले, 2016 ची डिझेल, पांढरी, आतून नव्यासारखी. एक रात्र मले झोप नाही आली. मग कागद घेऊन हिशोब मांडला आणि माझं मत बदललं. आपल्या खेड्यातल्या माणसानं बाहेरच्या राज्यातली गाडी घेऊच नये.

कारण सांगतो. गाडी आपल्याकडं नावावर करायची म्हणजे महाराष्ट्राचा रोड टॅक्स पुन्हा भरा, आणि तो तुम्ही मोजलेल्या साडेतीन लाखावर नाही, गाडी नवीन असताना जी किंमत होती ती धरून लागते. वयाप्रमाणं कमी होते हे खरं, पण 10 लाखाच्या आतल्या डिझेलचा आपला दर 13 टक्के आहे, म्हणजे 9 लाखाच्या गाडीचा नवीनपणी 1 लाख 17 हजार, तिथून खाली यायचं. वर जाणं-येणं, नवीन नंबरप्लेट, विमा, फास्टॅग, एजंट. आणि एवढं करून पंधरा वर्षातली नऊ-दहा वर्षं तर संपलेली. पंधरा झाली की पुन्हा नोंदणी, तीबी पाच-पाच वर्षाची, फिटनेस दाखवा, पर्यावरण कर भरा. दोन लाखाचा फरक कुठं गेला ते दिसत नाही. कोणी घेतली असल खरोखर, तर बोला.

वैनगंगा_काठ
बाहेरचं राज्य म्हणजे दिल्लीच का जी? आम्ही गोंदियाकडचे, आमची अर्धी सोयरिक मध्य प्रदेशातल्या बालाघाट आणि छत्तीसगडातल्या राजनांदगावची. नागपूर आम्हाले लांब, बालाघाट जवळ. मी पेट्रोल गाडी बालाघाटच्या एका मास्तरांकडून घेतली, पहिलेच मालक, घरासमोर आंब्याखाली उभी राहायची. तीनदा जाऊन पाहिली, एकदा तर भर पावसात गेलो की छत गळते का ते कळावं म्हणून.

कागदाचं म्हणाल तर मास्तर स्वतः माझ्यासंगं आले. फॉर्म 28 वर एनओसीचा, म्हणजे जुन्या आरटीओच्या ना-हरकत दाखल्याचा अर्ज, फॉर्म 29 आणि 30 वर दोघांच्या सह्या. चलान एकही बाकी नव्हतं म्हणून अडलं नाही. एनओसी हातात आल्यावर इकडं फॉर्म 27 भरून नवीन नंबर मागितला, आरटीओच्या साहेबांनी चेसिस नंबर (गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला) कागदाशी जुळवून पाहिला, टॅक्स भरला आणि अडीच महिन्यात एमएच 35 ची प्लेट लागली. सगळा खर्च धरून इथल्या भावापेक्षा 70 हजार वाचले माझे. 'घेऊच नये' हे तुमचं म्हणणं मले पटत नाही.

दोन_एकर_संत्रा
कापूसवाला भाऊ बरोबर आहेत, वैनगंगावाल्यांचं नशीब चांगलं. माझं ऐका. मी दोन वर्षाआधी लांबून गाडी आणली, राज्याचं नाव घेत नाही. पूर्ण पैसे दिले, चावी घेतली, डीलर म्हणे एनओसी पंधरा दिवसात कुरियरनं येते. दिवाळीत आणली, पोळा आला तरी एनओसी नाही. मग आमच्या भाच्यानं मोबाईलवर गाडीचा नंबर टाकून पाहिला तर आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी पुस्तकावर, अजून मूळ मालकाच्या फायनान्सचा बोजा उभा! म्हणजे त्यानं हप्ते फेडले असतील-नसतील, फॉर्म 35 देऊन बोजा उतरवलाच नव्हता आणि तो उतरल्याशिवाय नाहीतर फायनान्सवाल्याच्या संमतीशिवाय एनओसी निघत नाही. डीलर आधी फोन उचलून राहिला होता, मग फोन नुसता वाजूनच राहिला, मग बंद.

ती गाडी माझ्या गोठ्याच्या बाजूला ताडपत्रीखाली होती अकरा महिने. बायको रोज सकाळी शेण काढताना तिकडं पाहे आणि काही बोलत नसे, ते न बोलणं जास्त लागे. शेवटी मीच रेल्वेनं जाऊन मूळ मालक शोधला, माणूस चांगला निघाला, त्यानं बँकेतून पत्र काढून दिलं. पण त्या पायपिटीत जे गेलं ते कोणत्या हिशोबात धरायचं?

पांढरकवडा_रोड
दादा, वाईट वाटलं वाचून, पण ही चूक बाहेरच्या राज्याची नाही, पूर्ण पैसे आधी दिल्याची आहे. बोजा असलेली गाडी आपल्या तालुक्यातबी विकतात लोक. आम्ही तेलंगणातल्या आदिलाबादकडून दोन गाड्या आणल्या घरात, दोन्ही वेळा निम्मे पैसे रोखून धरले, एनओसी हातात तेव्हाच बाकीचे. विकणारा तयार नसल तर उठून यायचं, चहासाठीबी थांबायचं नाही.

आणि इथल्या गाड्या फार पाक आहेत का? अर्ध्या वाळूच्या घाटावर पळालेल्या, उरलेल्या निवडणुकीत दिवसरात्र प्रचारात फिरलेल्या, खाजगी नंबरवर भाडं मारलेल्या. भाव मात्र असा सांगतात जसं शोरूममधून आत्ता काढली.

पॉलिसी_बॅग
मी विम्याचं काम करतो, एक गैरसमज इथंबी दिसणारच म्हणून आधीच लिहितो. लोक म्हणतात बाहेरची गाडी बारा महिने तशीच चालते. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 47 गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर नवीन नंबर घ्या असं सांगते, ते गाडी *ठेवण्याबद्दल* आहे. मालकी बदलल्याची खबर ही वेगळी गोष्ट, ती कलम 50 मध्ये आहे, घेणाऱ्यानं 30 दिवसात द्यायची. बारा महिन्यांच्या भरवशावर दुसऱ्याच्या नावाची गाडी फिरवू नका.

कारण असं की गाडी विकली की थर्ड पार्टी विमा, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीचा, आपोआप घेणाऱ्याकडं जातो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं तसं नाही. पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावर राहिली आणि रोह्यानं, म्हणजे नीलगायीनं, रात्री समोरून उडी मारली तर रेडिएटर-बोनेटचे पैसे तुमच्या खिशातून. 14 दिवसात कंपनीला कळवायचं असते. आणि नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची हप्त्यातली सूट, जुन्या मालकाचा, तो तुम्हाला मिळत नाही, हप्त्याचा हिशोब करताना तो धरू नका.

शिक्षिका_वाशीम
घेणाऱ्यांचं बोलणं चाललंय, विकणारीचंही ऐका. माझे मिस्टर गेल्यावर गाडी मी बाहेरच्या राज्यातल्या एकांना विकली. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून दिल्या, विश्वासानं. दीड वर्षानं अपघात न्यायाधिकरणाची नोटीस माझ्या नावानं शाळेत आली, हेडमास्तरांच्या टेबलावर, सगळ्यांसमोर. त्या माणसानं गाडी नावावर केलीच नव्हती. वकिलांनी सांगितलं की सुप्रीम कोर्टानं 2018 मध्ये स्पष्ट म्हटलंय, आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, भरपाईची जबाबदारी त्याच्यावर. विमा चालू होता म्हणून निभावलं.

म्हणून मी कापूसवाला यांच्या बाजूची. एकाच जिल्ह्यात असलं की निदान हात धरून ऑफिसात नेता येतं. विकणाऱ्यानंही बाहेर विकली तर 45 दिवसांत कळवायचं असतं, हे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही.

डिझेल_पाटील
सगळे दिल्लीला शिव्या देऊन राहिले पण मी दिल्लीचीच चालवतो, चार वर्ष झाली. तिथं डिझेल दहा आणि पेट्रोल पंधरा वर्षानंतर रस्त्यावर नको असा आदेश, 2015 मध्ये हरित लवादाचा आणि 2018 मध्ये सुप्रीम कोर्टानं तोच कायम केला, म्हणून चांगल्या गाड्या पाण्याच्या भावात निघत होत्या. त्यात गाडीचा दोष काहीच नाही. उलट दिल्लीत बीएस-4, म्हणजे इंजिनाच्या धुराचा कडक नियम, 2010 पासून आला, आपल्याकडं सरसकट 2017 मध्ये आलं, म्हणजे त्याच सालची तिकडची गाडी इंजिनानं पुढची. माझी मी दोन दिवस राहून, मेकॅनिक संगं नेऊन घेतली. बाराशे किलोमीटर चालवत आणली, एक बोल्ट ढिला नाही.

कापूसवाला
पाटील, तुमच्या वेळचं तुम्ही बरोबर केलं, पण आता तो भाव राहिला का ते पहा. 2025 च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टानं या जुन्या गाड्यांवरची कारवाई थांबवली आणि डिसेंबरात ती सूट बीएस-4 आणि पुढच्या गाड्यांपुरती ठेवली. मग बीएस-4 वाला मालक आता घाईनं कशाला विकल? घाई बीएस-3 वाल्याले आहे. म्हणजे आज जे खरंच स्वस्त भेटते ते तुम्ही सांगता तसं पुढचं इंजिन नाही, मागचं आहे.

शिक्षिका ताई, तुमचं वाचून आईलेबी वाचून दाखवलं. ती म्हणे, घेशील तर माणूस पाहून घे.

गॅरेज_आर्णी_रोड
कागदाचं झालं, आता लोखंडाचं. दिल्लीत 2023 च्या जुलैमध्ये यमुनेचं पाणी वस्तीत शिरलं होतं. अशी पाण्यात उभी राहिलेली गाडी कशी ओळखायची? सीटबेल्ट पूर्ण, अगदी शेवटपर्यंत बाहेर ओढा. वरचा भाग धुऊन चकाचक असतो, पण जो पट्टा आत गुंडाळलेला राहते तिथं मातीची रेघ दिसते, नाकाजवळ न्या, कुबट वास येते. मग स्टेपनीच्या खड्ड्यातली चटई उचला आणि सीटच्या खालचे बोल्ट पहा, गंजले असतील तर सोडून द्या. किलोमीटरचा आकडा पाहूच नका, ब्रेक पेडलचं रबर पहा. चाळीस हजार चाललेल्या गाडीचं रबर गुळगुळीत होत नाही.

आपल्याकडच्या गाडीत हे कमी, पण आपलं ऊन रबर खाते. खालचे बुश, दाराचं रबर तडकलेलं असते. त्याचा खर्च सांगता येते, पाण्यात बुडालेल्या वायरिंगचा सांगता येत नाही. म्हणून मी गिऱ्हाइकाले जवळची घे म्हणतो, मग ती आदिलाबादची का असेना. राज्य कोणतं यापेक्षा तुम्ही दुसऱ्यांदा जाऊन पाहू शकता का, ते मोठं.

वैनगंगा_काठ
हेच तर मी म्हणून राहिलो!

दोन_एकर_संत्रा
दुसऱ्यांदा जाऊन पाहिलं असतं तर माझे अकरा महिने वाचले असते, एवढं कबूल. तरी मी परत बाहेरची घेणार नाही. बायकोले शब्द दिला आहे.

कापूसवाला
बरं, 'घेऊच नये' हा शब्द मी मागं घेतो, दिल्लीपुरता ठेवतो. आमच्याकडून आदिलाबाद तास-दीड तासावर आहे, एक पेट्रोल गाडी पाहिली फोटोत, 2019 ची, एकच मालक, दुकानदार आहे. फोनवर निम्मे पैसे एनओसीनंतर म्हटलं तर तो थोडा थांबला, मग म्हणे या, बसून बोलू. आरसीवर बोजा नाही, ते मी आज पाहिलं. चलान दोन निघाली, त्याले सांगितलं आधी भर. पांढरकवडा_रोड, तुमच्या दोन्ही गाड्यांचा टॅक्स किती लागला होता ते साल आणि मूळ किमतीसकट टाकाल का इथं?

पांढरकवडा_रोड
पावत्या घरी आहेत, रात्री फोटो टाकतो. आणि एकटे जाऊ नका, रविवारी मी मोकळा आहे.

गॅरेज_आर्णी_रोड
रविवारी गॅरेज बंद असते माझं. मीबी येतो, बॅटरी आणि गालिचा घेऊन, खाली शिरून पाहू.