स्कूटर, पपई आणि सहा आठवड्यांची रजा

एकीच्या आपोआप झालेल्या गर्भपाताबद्दल इथे कुणीतरी लिहिलंय, 'खड्ड्यांतून स्कूटर चालवली, पपई खाल्ली म्हणूनच झालं असणार'. हे मत अजिबात पटलं नाही. तसं असतं तर पुण्यात पाळणेच हलले नसते! लक्षात आलेल्या गर्भधारणांपैकी साधारण १० ते २० टक्के आपोआप थांबतात. पहिल्या तीन महिन्यांत थांबलेल्यांपैकी निम्म्यांत तरी गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो. तिथे बाईने काय खाल्लं, कुठे फिरली याचा संबंधच नाही. (वाढतं वय, थायरॉइड, आटोक्यात नसलेली साखर यांनी धोका वाढतो, हे खरं.)

रजेचं मात्र इथे कुणीच लिहिलं नाही. गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यापासून मिळत आली आहे, डॉक्टरांचा दाखला लागतो. माझ्या नणंदेला हिंजवडीतल्या कंपनीत एचआरने हे सांगितलंच नाही, बिचारीने होती नव्हती ती सिक लीव्ह संपवली.