नॉनस्टिक भांडी: तुमच्याकडे किती टिकली?

माझा तिसरा नॉनस्टिक पॅन परवा बाद झाला. पहिले सहा महिने अंडं अलगद घसरत ताटलीत यायचं. आता मधोमध तळहाताएवढा भाग चिकटतो आणि कडा मात्र नव्यासारख्या आहेत. लाकडी उलथणं आणि मऊ घासणी सोडून काही लावलं नाही, मग कोटिंग जातं कशाने? तुमचे अनुभव सविस्तर लिहा.

*

मध्य गेला आणि कडा शाबूत, म्हणजे आच. मी गॅस मोठा करून रिकामा पॅन तापत ठेवायचे आणि मग कांदा चिरायला घ्यायचे. हे कोटिंग बहुतेक वेळा पीटीएफईचं, म्हणजे टेफ्लॉनचं असतं. साधारण २६० अंश सेल्सियसच्या पुढे ते खराब होऊ लागतं, ३२७ च्या आसपास वितळतं. मोठ्या आचेवर रिकामा पॅन काही मिनिटांत २६० ओलांडतो. आता आधी तेल घालते, मग गॅस पेटवते, आणि मध्यम आचेच्या वर जात नाही. सध्याच्या पॅनचं पाचवं वर्ष चालू आहे.

*

घरात पक्षी असतील तर वरचं दोनदा वाचा. जास्त तापलेल्या कोटिंगच्या वाफांनी पिंजऱ्यातले पक्षी मरतात, माणसालाही ताप-थंडी भरल्यासारखं होऊ शकतं. आमचा पॅन एकदा गॅसवर तसाच राहिला होता. वास आल्याबरोबर पिंजरा उचलून बाहेर पळाले. पक्षी वाचले, पण पॅन त्याच दिवशी टाकला.

*

सिरॅमिकवाला घेतला होता. आठ महिन्यांत चिकटायला लागला. दिसायला अजून सुंदर आहे.

*

टाकून देण्याआधी पॅन उजेडात तिरका धरून बघा. माझ्या पॅनवर पिवळट-तपकिरी राप दिसली, बोट फिरवलं तर किंचित खरखरीत. ते जळून बसलेलं तेल होतं. मी स्प्रेचं तेल वापरायचो, त्यातलं लेसिथिन असंच साचत जातं. पाण्यात खायचा सोडा घालून दहा मिनिटं मंद उकळलं आणि मऊ फडक्याने पुसलं, तर फडकं तपकिरी झालं आणि अंडं पुन्हा सुटायला लागलं. कोटिंगच उडालं असेल तर मात्र याचा उपयोग नाही.

*

आमच्याकडे सासूबाई गरम पॅन थेट नळाखाली धरायच्या. चर्र आवाज यायचा. वर्षभरात तळ फुगला, तेल सगळं कडेला पळायचं आणि इंडक्शनवर पॅन डगमगायचा. आता आधी निववतो, मगच धुतो.

*

निघालेला कण पोटात गेला तर? पीटीएफई शरीरात विरघळत नाही, जसं गेलं तसं बाहेर पडतं. काळजीचं होतं ते कोटिंग बनवताना वापरलं जाणारं पीएफओए. घातक रसायनांवर निर्बंध आणणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारात २०१९ साली त्याचा समावेश झाला. घरात फार जुनी भांडी असतील तर मी तरी ती काढून टाकीन.

*

धागा मीच काढला होता, म्हणून कळवते. सोड्याने कडांची राप निघाली, मधला भाग तसाच चिकटतो. काल नीट पाहिलं, तो डाग अगदी बर्नरच्या मापाचा आहे. पुढचा पॅन छोट्या बर्नरवर आणि फक्त अंड्यासाठी. मोठ्या आचेचं सगळं लोखंडी तव्यावर.