‘सायबर हल्ला’, ‘सायबर कारवाई’ आणि ‘सशस्त्र हल्ला’

विचारणा: आंतरराष्ट्रीय कायद्यावरच्या एका लेखाचं मराठी करतोय. मुळात कुठे ‘सायबर ऑपरेशन’ आहे, कुठे ‘सायबर अटॅक’, तर कुठे ‘आर्म्ड अटॅक’. सगळीकडे ‘सायबर हल्ला’ चालेल ना? पेपरात तर वेबसाइट बंद पडली तरी हल्लाच असतो.

प्रतिसाद 1: पेपरात चालेल, इथे नाही. ऑपरेशन म्हणजे ‘कारवाई’. यात हेरगिरीपासून यंत्रं जाळण्यापर्यंत सगळं येतं. ‘सशस्त्र हल्ला’ हा संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या कलम 51 मधला शब्द. तो झाला तरच स्वसंरक्षणार्थ बळ वापरायचा हक्क मिळतो. नुसता ‘हल्ला’ युद्ध सुरू असतानाच्या नियमांमधला: जिनिव्हा करारांना (युद्धाचे नियम ठरवणारे करार) 1977 मध्ये जोडलेल्या पहिल्या पूरक करारात (प्रोटोकॉल), कलम 49 मध्ये, त्याची व्याख्या ‘शत्रूविरुद्धची हिंसक कृती, आक्रमक असो वा बचावात्मक’ अशी आहे. म्हणजे बचाव करणाराही कायद्याच्या भाषेत हल्लाच करतो! तिन्ही एका शब्दात कोंबलेत तर वाचकाला वाटेल, वेबसाइट पाडली म्हणून क्षेपणास्त्र डागायला मोकळे.

प्रतिसाद 2: मग ‘आक्रमण’ का नको? भारदस्त आहे.

प्रतिसाद 1: तो शब्द ‘ॲग्रेशन’ला गेलाय. 1974 चा आमसभेचा ठराव आहे त्यावर. भारदस्तपणासाठी नवा घोळ नको.

प्रतिसाद 3: उदाहरणाने पटकन कळेल. 2007 मध्ये एस्टोनियात बँका, वृत्तपत्रं, सरकारी वेबसाइट्स ठप्प झाल्या. गैरसोय प्रचंड, पण त्याला सशस्त्र हल्ला ठरवणं अवघड. 2010 मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या व्हायरसने मात्र इराणमधल्या नतान्झच्या अणुकेंद्रातले सेंट्रिफ्यूज (युरेनियम समृद्ध करणारी यंत्रं) प्रत्यक्ष मोडले. सायबर कारवायांना आंतरराष्ट्रीय कायदा कसा लागू होतो हे मांडणारं टॅलिन मॅन्युअल तयार करणाऱ्या तज्ज्ञांनी हा सनदेने मनाई केलेला ‘बळाचा वापर’ आहे हे एकमताने मानलं. तो ‘सशस्त्र हल्ला’ होता का, यावर मात्र त्यांच्यात फूट पडली. आणि हे मॅन्युअल म्हणजे करार नव्हे, तज्ज्ञांचं मत. भाषांतरात ‘टॅलिन नियमांनुसार बंधनकारक’ असलं काही लिहू नका.

प्रतिसाद 4: नॉटपेट्याचं काय? जून 2017 मध्ये युक्रेनच्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून निघालेला तो व्हायरस मर्स्क या जहाज कंपनीमार्गे थेट आपल्या जेएनपीटीच्या एका टर्मिनलपर्यंत पोचला होता. कंटेनर अडकले. उरणच्या रस्त्यावर ताटकळलेल्या ट्रकवाल्याच्या दृष्टीने हा हल्ला की कारवाई?

प्रतिसाद 1: ट्रकवाल्याने काय म्हणायचं ते त्याला म्हणू द्या, छापता येणार नाही! कायद्यात खरा वाद इथेच आहे. काहीही फुटलं नाही, पण यंत्रणा चालेनाशी झाली, तर ते ‘नुकसान’, आणि म्हणून ‘हल्ला’, मानायचं का? रेड क्रॉसची आंतरराष्ट्रीय समिती आणि फ्रान्स हो म्हणतात. इस्रायलला प्रत्यक्ष भौतिक हानी अपेक्षित आहे. म्हणून ‘नुकसान’ आणि ‘निकामी होणं’ हे दोन शब्दही वेगळे ठेवा. लेखकाने कुठला कुठे वापरलाय त्यावरून तो कुठल्या बाजूचा ते कळतं.

विचारणाकर्ता: ठीक, तिन्ही वेगळे करतो. ‘सिव्हिलियन ऑब्जेक्ट’ला, म्हणजे युद्धात ज्यांच्यावर हल्ला करायला मनाई आहे त्या गोष्टींना, ‘नागरी मालमत्ता’ लिहू ना?

प्रतिसाद 3: ‘नागरी वस्तू’ लिहा, कानाला खटकलं तरी. मालमत्ता म्हटलं की डेटाही त्यात आपसूक येतो, आणि डेटा ही ‘वस्तू’ नाही असंच टॅलिनच्या बहुसंख्य तज्ज्ञांचं म्हणणं आहे.