पुढच्या स्पोर्ट्स कारमध्ये इंजिन कुठलं असणार, मोठं व्ही१२ की छोटं टर्बो आणि बॅटरी?

रेडलाइन_वेडा:
मंडळी, मला यातलं गणित कळेनासं झालंय. २०२४ मध्ये बुगाटीने तुर्बियों दाखवली, ८.३ लिटरचा व्ही१६ (म्हणजे सोळा सिलिंडर), टर्बो (इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा) एकही नाही. फेरारीने दोदिची चिलिंद्री काढली, ६.५ लिटर व्ही१२, ९५०० आरपीएम (मिनिटाला फेरे), आणि त्याच वर्षी फेरारीचीच एफ८०, जी त्यांची सगळ्यात भारी गाडी, तिच्यात ३ लिटरचा व्ही६! म्हणजे वरच्या गाडीला सहा सिलिंडर आणि खालच्या गाडीला बारा. दहा वर्षांनी यातलं काय उरेल असं वाटतं? इलेक्ट्रिकवाल्यांनी कृपया वेगळा धागा काढावा, इथे फक्त इंजिनाबद्दल बोलू.

तेलकट_हात:
सिलिंडर किती ते सोडा, सगळा खेळ मिक्श्चरचा, म्हणजे हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आहे. आत्तापर्यंत टर्बो इंजिन फुल लोडवर तापायला लागलं की जास्तीचं पेट्रोल मारून थंड ठेवायचे, ते नीट जळत नाही पण वाफ होताना उष्णता खेचून घेतं, आणि मग धुरात कार्बन मोनॉक्साइड वाढतो. प्रदूषणाच्या नियमांमुळे ती सोय आता जातेय. हवा-पेट्रोल वजनाने कायम साधारण १४.७ ला १ ठेवायचं (पेट्रोल पूर्ण जळेल एवढीच हवा) म्हटलं की तेवढ्याच सीसीतून पूर्वीइतकी पॉवर काढणं अवघड होतं, म्हणून सीसी वाढवा. पोर्शेने ९११ जीटीएसमध्ये हेच केलं, ३ लिटरचं इंजिन ३.६ चं केलं, दोन टर्बो काढून एकच मोठा ठेवला आणि तो लगेच फिरावा म्हणून त्याच्या शाफ्टवर इलेक्ट्रिक मोटर बसवली. बॅटरी जेमतेम १.९ किलोवॅट अवरची, एकूण पॉवर ५४१ पीएस (जवळपास हॉर्सपॉवरच), आणि वजन वाढलं फक्त ५० किलो. माझ्या मते पुढचा रस्ता हाच, इंजिन थोडं मोठं आणि बॅटरी छोटी.
(गंमत बघा, टर्बोवरची मोटर एफ१ रेसिंगने २०२६ पासून काढून टाकली आणि रस्त्यावरच्या गाड्यांत ती आत्ता कुठे येतेय.)

व्ही८_भक्त:
@तेलकट_हात पटलं, पण सगळे असं करत नाहीयेत ना. मर्सिडीजच्या एएमजीने सी६३ मध्ये २ लिटरचं चार सिलिंडर टाकलं, बॅटरी-मोटर धरून ६८० पीएस, आणि गाडी गेली २१०० किलोच्या वर. कागदावर जबरदस्त, पण लोकांनी काय नावं ठेवली ते सगळ्यांनी वाचलंय.
मला लॅम्बोर्गिनी तेमेरारिओचं डोकं जास्त आवडलं. ४ लिटर ट्विन टर्बो व्ही८ आणि तो चक्क १०,००० पर्यंत फिरतो. मोठा टर्बो लावला की कमी आरपीएमला लॅग येतो (पाय दाबल्यावर जोर उशिरा मिळतो) म्हणून आधी कोणी एवढी हिंमत करत नव्हतं, आता कमी आरपीएमचा टॉर्क (ओढ) इलेक्ट्रिक मोटर देते म्हणून इंजिन बिनधास्त वरच्या आरपीएमसाठी ट्यून करता येतं. पुढे अशी इंजिनं येतील की ४००० च्या खाली त्यांच्यात दमच नसेल आणि चालवणाऱ्याला ते कळणारही नाही, असा माझा अंदाज.

रेडलाइन_वेडा:
हे भारीये, असा विचारच केला नव्हता. आणि हायड्रोजनचं काय? टोयोटा २०२१ पासून रेसमध्ये पळवतेय की. शिवाय पोर्शेच्या सहा-स्ट्रोक इंजिनाच्या (नेहमीच्या चारऐवजी सहा स्ट्रोक) पेटंटबद्दल पण वाचलं होतं.

तेलकट_हात:
पेटंट कंपन्या ढिगाने काढतात, त्यातली किती गाडीत येतात? हायड्रोजन जळतो मस्त, अडचण टाकीची आहे. उणे २५३ डिग्रीला द्रव करून ठेवला तरी एका लिटरमध्ये पेट्रोलच्या साधारण पाव पट ऊर्जा, म्हणजे चौपट मोठी टाकी, ती पण इन्सुलेशनवाली. स्पोर्ट्स कारमध्ये ठेवणार कुठे? त्यापेक्षा सिंथेटिक पेट्रोल (खनिज तेलाऐवजी कारखान्यात बनवलेलं) बरं, चिलीत पोर्शेच्या साथीने त्याचा छोटा प्लांट २०२२ च्या शेवटी सुरू झालाय. महाग पडेल, पण व्ही१२ घेणारा माणूस पेट्रोलचं बिल बघतो कधी?

व्ही८_भक्त:
मग व्ही१२ राहणार, फक्त आपल्याला फोटोत दिसणार 😄